ताईची कॅसेट लोड होत नाही

माझं दुकान रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं. माणसांचं काय बिनसलंय ते मला कधी कळत नाही, पण यंत्र नुसतं खाकरलं तरी दुखणं कुठं आहे ते मी सांगतो. निदान त्या शनिवारपर्यंत माझा तसा समज होता.

दुपारी ताईचा फोन आला. "अरे, कॅसेट लोडच होत नाहीये. चार वाजता बाई येणार आहेत!"

बाई म्हणजे तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. ताई तिथं गणित शिकवते. घरच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या एका जाडजूड कीबोर्डवर, तिनं आठ महिने खपून शाळेचं वेळापत्रक लावणारा प्रोग्रॅम लिहिला होता. एकच शिक्षक एका तासाला दोन वर्गांत जाऊ नये, एवढंच काम. पण कागदावर त्यापायी दरवर्षी सुट्टीचे पंधरा दिवस जायचे. प्रोग्रॅम चालला तर कॉम्प्युटरचा नवा वर्ग ताईला मिळणार होता. नाही चालला तर बाहेरचा माणूस येणार होता.

वीज गेली की तो कॉम्प्युटर सगळं विसरतो. म्हणून प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात साध्या कॅसेटवर भरून ठेवायचा आणि हवा तेव्हा टेपरेकॉर्डरनं त्याला पुन्हा ऐकवायचा. ताईचे आठ महिने असे एका कॅसेटवर होते. दुसऱ्या कॅसेटवर प्रत होती, पण तीही लोड होत नव्हती.

मी एकला पोचलो. वायर काढून लावली. आवाज वाढवला, कमी केला. पॉवरचा डबा तापला होता, तो गार होऊ दिला. टीव्हीवर प्रत्येक वेळी अर्धं मिनिट पट्टे नाचायचे आणि मग चूक झाल्याची तीच ओळ.

"थोबाडीत मारून बघा," भाऊजी आतून म्हणाले. "आपला टीव्ही तसाच सुरू होतो."

"तुम्ही पेपर वाचा," ताई म्हणाली.

टेपरेकॉर्डरवर मला संशय घ्यायचं कारण नव्हतं. गेल्याच रविवारी ताई बाहेर गेली असताना मी तो उघडून साफ केला होता. तरी दुकानात जाऊन माझा सगळ्यात चांगला टेपरेकॉर्डर घेऊन आलो. त्यावरही तेच. मग चार ओळींचा एक प्रोग्रॅम ताईला लिहायला लावला, नव्या कॅसेटवर भरला आणि परत लोड केला. दोन्ही यंत्रांवर एका फटक्यात चालला.

आता मात्र माझी मती गुंग झाली. कॉम्प्युटर ठीक, वायर ठीक, एक सोडून दोन टेपरेकॉर्डर ठीक. कॅसेट वाजवली तर त्यावर आवाजही होता. सगळं ठीक, आणि चालत काहीच नाही! असं झालं की आम्ही दुरुस्तीवाले एकच करतो. गिऱ्हाइकाकडे बोट दाखवतो.

"ताई, तूच भरताना काहीतरी घोळ केलास."

"दोन्ही कॅसेटवर? मागच्या शनिवारी तर चालला होता रे."

"दुसराच एखादा प्रोग्रॅम असेल. नीट आठव."

ती आठवत बसली. मी आणखी दोनदा तेच ऐकवलं, जरा चढ्या आवाजात. वर्गात पन्नास मुलांना गप्प बसवणारी माझी बहीण हळूच म्हणाली, "असेल. माझंच चुकलं असेल." आणि तिनं एक कागद ओढून बाईंना चिठ्ठी लिहायला घेतली. तयारी अपुरी आहे, क्षमस्व, असं काहीतरी. ते बघून मला वाईट वाटलं, पण मी वायरच चाचपत राहिलो.

साडेतीन झाले. टेप वाजतच होती.

"एक विचारू?" ताई लिहिता लिहिता म्हणाली. "पूर्वी हा आवाज इतका कर्कश असायचा की मी कानांवर हात ठेवायचे. आता उशीखालून आल्यासारखा का येतोय?"

मला रविवार आठवला.

टेपरेकॉर्डरमध्ये टेपला टेकून आवाज वाचणारा एक लहान तुकडा असतो, त्याला आम्ही हेड म्हणतो. ताईच्या यंत्राचं हेड पहिल्यापासून केसभर तिरकं होतं. रविवारी साफ करताना ते मला दिसलं आणि माझ्यातला कारागीर गप्प बसेना. कुणी सांगितलं नसताना मी ते स्क्रू फिरवून सरळ केलं. पण तिच्या कॅसेट तिरक्या हेडनं भरलेल्या! सरळ हेडला त्या कशा वाचता येणार? आणि माझ्या दुकानातला टेपरेकॉर्डर तर सरळच असणार.

मी तिचा टेपरेकॉर्डर पुढं ओढला. टेप चालू ठेवून स्क्रू हळूहळू फिरवत गेलो. चांगलं लावलेलं हेड हातानं वाकडं करायचं, हे उभ्या आयुष्यात मी केलं नव्हतं. आवाज मोकळा झाला, मग इतका चिरका की भाऊजी पेपर टाकून बाहेर आले.

"आता लोड कर," मी म्हणालो.

पट्टे नाचले. चार मिनिटं कुणी हललं नाही. मग पडद्यावर वर्गांची नावं आली आणि ताईनं डोळ्यांना पदर लावला.

बाई आल्या तेव्हा तिनं वेळापत्रक लावून दाखवलं. बाईंनी मुद्दाम दोन शिक्षक रजेवर टाकले, तरी ते लागलं. "सोमवारी वर्गाचं ठरवूनच टाकू," त्या म्हणाल्या. ताई खुलली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, हा माझा भाऊ. आज हा नसता तर काही खरं नव्हतं."

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण ती चिठ्ठी टेबलावर तशीच पडली होती. "बाई, रविवारी मीच बिघडवलं होतं," मी म्हणालो आणि काय केलं ते सांगितलं. बाई हसल्या, भाऊजी हसले.

ताई हसली नाही. बाई गेल्यावर तिनं दार लावलं आणि माझ्याकडे वळली.

"हेडचं जाऊ दे. तू चांगल्यासाठीच केलंस. पण तीन-तीनदा माझंच चुकलं म्हणालास, आणि मला ते पटलं रे. मला पटलं कसं?"

मी खाली मान घालून वायर गुंडाळत राहिलो.