साडेचारचा चौघडिया

"पणजोबांचं गोत्र तेवढं विचारायचं राहिलंय," गुलाबचंद पुटपुटले. "भाऊ काय करतो, बहीण कुठं दिली... व्हिसा देत्यात का सोयरीक जुळवत्यात?"

हे ते बायकोच्या, उगमबाईंच्या अगदी कानाशी बोलले, कारण दुकानामागच्या खोलीत तिघांना मिळून गादी एकच होती आणि एका कडेला लॅपटॉप घेऊन खुशबू बसली होती. घोडेगावच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. थोरला मुलगा संयम सहा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला तो तिकडंच. आता धाकट्या खुशबूलाही तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. राहिला होता फक्त व्हिसाचा अर्ज.

तसा तो दुपारी तीनलाच भरून झाला होता. पण बुधवारी लाभाचा चौघडिया, म्हणजे दीड तासाचा शुभ मुहूर्त, लागतो साडेचारला, आणि गुलाबचंदांनी लाभाशिवाय दुकानाचं कुलूपसुद्धा कधी बदललेलं नव्हतं.

"तोवर कशालाच हात लावायचा न्हाई," त्यांनी हुकूम सोडला.

खुशबूनं हात मांडीवर ठेवले. गॅसवरच्या दुधाकडं बघावं तशी तिघं पडद्याकडं बघत बसली. चार वाजून दहा मिनिटांनी पडदा पांढरा झाला आणि भरलेला अर्ज पुसला गेला.

"बराच वेळ आपली काही हालचाल नाही, म्हणून बाहेर काढलंय आपल्याला," खुशबू म्हणाली.

"अगं, पण आपण इथंच बसलो व्हतो की!"

"ते त्यांना कसं दिसणार, पप्पा?"

"मग सेव्ह करून ठेवायचं!"

"तुम्हीच म्हणालात ना, हात लावायचा नाही."

उगमबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू दिसलं असतं तर नवऱ्यानं संध्याकाळपर्यंत तोंड पाडलं असतं.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. नाव, जन्मतारीख, शाळा. आईबापाची माहिती आली, गेली. मग भावाचं पान आलं, आणि गुलाबचंद लगेच म्हणाले, "अगं, जरा चहा टाक की."

"तिसरा होईल हा."

"असू दे. डोकं चढलंय."

पहिल्या खेपेलाही नेमक्या याच पानाला त्यांचं डोकं चढलं होतं. उगमबाई निमूट उठल्या. स्वयंपाकघर म्हणजे तरी काय, मधे एक पडदा.

त्यांनी आधण ठेवलं तोच पुढं दुकानातून आवाज आला, "शेठ! नातीच्या परकराला कापड दावा." सखूबाई, जुनं गिऱ्हाईक. गुलाबचंद उठून पुढं गेले. कापड फाडता फाडता तिनं विचारलंच, "आन् संयमशेठ कवा येत्यात?"

"येतोय की दिवाळीनंतर! दुकानाला काच बसवायचीय त्याला."

ही सहावी दिवाळी. काचेचं माप कॅलेंडरच्या पाठीमागं लिहिलेलं होतं, आणि दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की गुलाबचंद ते माप न चुकता त्याच्यावर उतरवून घेत.

ते परत आले नि पडद्यापलीकडं कुजबुज सुरू झाली.

"मघाच्यासारखंच लिही. नोकरीपुरता गेलाय, दोन वर्षांत परत."

"मघाशी तुमच्या शब्दाखातर लिहिलं. दुसऱ्यांदा हात धजत नाही माझा. पप्पा, तो तिथला कायमचा रहिवासी झालाय. तिथल्या सरकारनंच त्याला कागद दिलाय. माझं खोटं सापडलं, तर पाच वर्षं मला अर्जसुद्धा करता यायचा नाही."

"हळू! तुझ्या आईला कळलं तर जेवायची न्हाई ती."

जैनाच्या घरात चहाला आलं नसतं, वेलदोडा असतो. तो उगमबाईंच्या हातात तसाच राहिला.

त्यांना संवत्सरीलाच कळलं होतं. त्या दिवशी वर्षभराच्या चुकांची एकमेकांजवळ माफी मागायची. संयम दर वर्षी फोन करून एका दमात "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायचा, आणि दुसऱ्या दमात पाऊस कसा काय म्हणून विचारायचा. यंदा त्यानं ते शब्द म्हटले, पण पावसाचं विचारलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मम्मी, यंदा खरंच माफ कर."

"केलं," त्या म्हणाल्या होत्या. कशाबद्दल ते विचारलं नाही. दोन वर्षांत परत येणारं पोर अशी माफी मागत नाही.

नवऱ्याला सांगायला त्या दोनदा निघालेल्या. दोन्ही वेळा तो माणूस दुकानाच्या दारात काचेच्या मापासाठी टेप धरून उभा होता.

पण आज त्या एका ओळीपायी पोरीचं अडलं होतं.

त्यांनी वेलदोडा टाकला, चहा गाळला आणि तीन कप घेऊन त्या बाहेर आल्या. कुजबुज थांबली.

"किती वाजले?"

"सव्वापाच," खुशबू म्हणाली.

"मंजी लाभ चालू हाय अजून. सहाला संपंल. सूर्य बुडायच्या आत जेवायचंबी हाय आपल्याला." त्या गादीवर टेकल्या आणि लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं. "हीच का ती ओळ?"

गुलाबचंदांना एकाएकी खोकल्याची उबळ आली. उगमबाईंनी त्यांच्या हातात कप दिला आणि कप धरलेला तो हात आपल्या हातात तसाच धरून ठेवला.

"लिही, बाळा," त्या म्हणाल्या. "संयम आता तिकडचा झाला. तो परत येणार न्हाई."