हवालदाराचे गवत

डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याचा जबडा उघडला आणि दाढेत अडकलेले गवताचे पाते चिमट्याने ओढून काढले. ते हिरवेगार पाते त्यांनी वडिलांच्या नाकासमोर धरले.

"हे बघा. विष नाही, रोग नाही. गवत."

"तेच तर सांगतोय," वडील म्हणाले. "रोज खातो. जनावर उगाच गवताला तोंड लावत नाही, ठमे. आत काही बिनसलं की त्याला आधी कळतं."

'ठमी' हे नाव दवाखान्याच्या पाटीवर नव्हते. बाहेरच्या बाकावर मांजराची टोपली घेऊन बसलेली बाई मात्र उघड्या दारातून ते ऐकून गालातल्या गालात हसली.

अलीकडच्या खेपांची मोजदाद बाईंनी सोडून दिली होती. आयुष्यात एकाही चोरावर भुंकण्याची तसदी न घेतलेला हवालदार टेबलावर शेपूट हलवत उभा होता. नाक ओले, हिरड्या गुलाबी, विष्ठेच्या तपासणीत काहीही नाही.

"बाबा, शेवटचं सांगते. चांगली धडधाकट कुत्री गवत खातात. रानातले लांडगेही खातात. खाऊन उलटी करणारी थोडीच. आजारी आहे म्हणून खातो, याला पुरावा नाही."

"मग कशासाठी खातात?"

"नक्की कुणालाच माहीत नाही."

"एवढी वर्षं शिकून हेच?"

"हो. एवढी वर्षं शिकून हेच."

चिडल्या की बाईंची वाक्ये आखूड होत. हा गुण वडिलांकडूनच आलेला असल्यामुळे त्यांच्यावर त्याचा काडीइतकाही परिणाम होत नसे.

"पूर्वी नव्हता खात," ते हट्टाने म्हणाले. "पूर्वी आम्ही तळ्याला अख्खा वळसा घालायचो, मध्ये थांबणं नाही. आता बाकावर जरा टेकलो, की याचं सुरू."

"म्हणजे गवत तोंडासमोर येतं म्हणून खातो. सुटलं कोडं!"

"काय सुटलं? वजन कर त्याचं."

हवालदार काट्यावर एकटा कधीच उभा राहिला नव्हता. पिल्लू असल्यापासूनची रीत अशी, की वडिलांनी त्याला उचलून काट्यावर चढायचे आणि बाईंनी आकड्यातून पंचाहत्तर वजा करायचे. वडिलांचे वजन पंचाहत्तर. बाई शाळेत होत्या तेव्हापासून ते पंचाहत्तरच होते. कोणत्याही हिशेबात एखादी गोष्ट न बदलणारी धरावीच लागते.

वडिलांनी कुत्र्याला उचलले. दुसऱ्या प्रयत्नात जमले. आकडा स्थिरावला. शहाऐंशी.

"अकरा," बाई म्हणाल्या. मागच्या वेळी अठरा होता.

"बघ!" वडिलांच्या आवाजात विजय होता आणि धापही. "सात किलो! आणि म्हणे, नुसतं गवत!"

आधी उपकरणावर संशय घ्यावा. बाईंनी दोघांना खाली उतरवले आणि कुत्र्यांच्या खाद्याचे वीस किलोचे बंद पोते काट्यावर ठेवले. काट्याने वीस दाखवले. मग त्या हवालदाराशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि बरगड्या चाचपू लागल्या. बरगड्या चटकन सापडेनात. चरबी होती.

"याला खायला काय घालता?"

"त्याचं ते. शिवाय माझ्या ताटातलं उरलेलं. हल्ली बरंच उरतं."

बाईंची बोटे कुत्र्याच्या केसांतच थांबली. त्यांनी मान वर केली. वडिलांच्या सदऱ्याचे वरचे बटण लावलेले होते, तरीही गळपट्टी मानेपासून चांगली दोन बोटे सुटली होती.

"बाबा, काट्यावर उभे राहा."

"आण त्याला इकडे."

"तो नको. तुम्ही एकटेच."

"मला कशाला? गवत मी खातो का?"

बाई उठल्या, पोते काट्यावरून खाली ओढले आणि दवाखान्याचे दार लावून घेतले.

वडील त्यांच्याकडे पाहत राहिले. मग, उचलायला काहीच नसताना, सवयीने दोन्ही हात पोटाशी धरून ते काट्यावर चढले.