कुसाबाईच्या मळ्यातलं पाणी

“बाई, आज कोथिंबीर उपटायची का नाय, येवढंच सांगा. बाकीचं मला काय समजायचं नाय.”

कुसाबाई वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली होती. दिवस नुकताच उगवला होता. तिच्यामागे कोथिंबिरीचा हिरवागार पट्टा पसरला होता. मे महिन्यात अशी कोथिंबीर नाशिकच्या बाजारात कुणी टोपलीतून खाली उतरवूसुद्धा देत नाही, वरच्या वर लिलाव होतो.

भाग्यश्रीने कायनेटिक बांधाला लावली.

“दुपारपर्यंत थांबा, कुसाबाई. पाण्याचे नमुने कालच तपासायला लावलेत. आज दुपारी कळेल.”

“दुपारच्याला मान टाकंल ती. उन्हाळ्याची कोथिंबीर हाय, ती कुणासाठी थांबती व्हय?”

“तरी थांबा.”

कुसाबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पदराने गळ्यावरचा घाम पुसला. “बरं,” एवढंच म्हणाली. हातातला विळा मात्र तिने खाली ठेवला नाही.

नाल्यापलीकडच्या कॉलनीत आठवडाभर जुलाब-उलट्यांची साथ होती. लहान मुलं सलाईनवर होती. एक म्हातारे गृहस्थ काल दगावले. आणि कुणाच्या तरी तोंडून निघालेलं वाक्य एका दिवसात सगळ्यांच्या तोंडी झालं होतं: ती कॉलेजच्या पाण्याची भाजी खाल्ली, म्हणून झालं.

कॉलेजचं पाणी म्हणजे भाग्यश्रीचं पाणी.

डॉ. भाग्यश्री गायधनी कृषी अभियांत्रिकीच्या कॉलेजात सिंचन विभागात शिकवत होती. त्या विभागात प्रत्येकाच्या संशोधनाला एक रुबाब होता. विभागप्रमुख देवरे सर ठिबकवर काम करायचे. कुणी पाणलोटावर, कुणी भूजलावर. पाहुणे आले की त्यांना हिरव्यागार द्राक्षबागा दाखवायला नेलं जाई. भाग्यश्रीचा विषय होता सांडपाणी. शहराच्या नाल्याचं काळं पाणी झाडांच्या मुळांतून नि खडीतून गाळून पिकाला देता येईल का, ह्या एका प्रश्नापाठी ती पंचविशीपासून लागली होती. आता चाळिशी उलटली होती. स्टाफरूममध्ये तिच्या पीएच.डी.ला ‘गटारातली’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसच्या क्वार्टर्समध्ये लहानपण गेलं, तिथले वडिलांचे मित्र अजून विचारायचे, “काय गं, अजून नाल्यावरच का?” ती हसून “हो काका,” म्हणायची.

मखमलाबादच्या अंगाला ह्या नाल्याकाठी चाळीसेक घरं भाजीपाला करत. विहिरी आटल्या की सगळे सरळ नाल्यात मोटर टाकत. त्यांना तरी दुसरं काय होतं? भाग्यश्री पहिल्यांदा आली तेव्हा बहुतेकांनी तिला हाकललं. कुसाबाईने बसायला गोणपाट टाकलं. तिचा नवरा कधीच गेला होता, मुलगा सातपूरला कारखान्यात होता, आणि रोज नाल्याचं पाणी धरून तिच्या पायांना खरूज धरली होती. पाय दाखवत ती म्हणाली होती, “हे थांबत आसंल तर कोपरा घ्या तुमाला. काय करायचं ते करा.”

त्या कोपऱ्यात तीन टाक्या झाल्या. टाक्यांत खडी भरली, खडीत कर्दळ आणि पाणकणीस लावलं. एका बाजूने, कॉक बसवलेल्या पाइपातून, नाल्याचं पाणी बेताने आत जाई. ते मुळांत रेंगाळे, झिरपत पुढे सरके आणि दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूने नितळ होऊन बाहेर पडे. पाण्याने थांबलं पाहिजे, सगळी किमया थांबण्यात आहे, हे भाग्यश्री मुलांना वर्गात पुन्हापुन्हा सांगायची. पुढल्या पावसाळ्यापर्यंत कुसाबाईचे पाय कोरडे झाले. दोन वर्षांत शेजारच्या चार मळ्यांनी टाक्या मागितल्या. बाजारात “कॉलेजच्या पाण्याची” म्हणून कुसाबाईची भाजी आधी उचलली जाऊ लागली. भाग्यश्रीच्या स्वतःच्या घरी तीच कोथिंबीर यायची.

आणि ह्या उन्हाळ्यात विहिरीने तळ दाखवला. महिन्यापूर्वी कुसाबाई म्हणाली होती, “बाई, तो कॉक जरा सैल सोडा ना. पीक करपायलंय.” भाग्यश्रीने करपलेली पानं बोटांत चुरून पाहिली आणि होकार दिला. कॉक सैल झाला. पाणी वाढलं. पण ते दोन दिवस थांबायचं बंद झालं. नितळ तर दिसत होतं. म्हणून मधल्या परीक्षांच्या धांदलीत तिने नमुनेही घेतले नव्हते.

गाडी वळवून ती कॉलेजकडे निघाली तेव्हा तिच्या डोक्यात तो कॉकच होता.

*

प्रयोगशाळेत नळ्या रांगेने उभ्या होत्या. प्रत्येक नळीत जंतू वाढवणारा द्रव, त्यात नाल्याच्या गाळलेल्या पाण्याचे थेंब, आणि आत आणखी एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ते ऊब मिळताच वाढतात, वायू सोडतात, आणि त्या उलट्या नळीच्या टोकाशी बुडबुडा अडकून बसतो. बुडबुडा नसला की पाणी परीक्षेतून सुटलं.

दुपारी तिने पहिली नळी खिडकीच्या उजेडात धरली.

बुडबुडा होता.

दुसरीत होता. तिसरीत होता. तिने नळी हलवून पाहिली, टिचकी मारून पाहिली. सगळ्या नळ्या संपल्यावर ती स्टुलावर बसली. ही कोथिंबीर तिने परवाच वडिलांच्या आमटीवर घातली होती.

देवरे सर दारात उभे होते. माणूस वाईट नव्हता. तिच्या टाक्यांना पहिली परवानगी त्यांनीच मिळवून दिली होती.

“काय निघालं?”

तिने नळी पुढे केली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

“गायधनी मॅडम, ही प्राथमिक चाचणी. पक्क्या चाचणीला अजून एक दिवस लागतो. बरोबर?”

“बरोबर.”

“मग पक्कं होईपर्यंत काही सांगायचं कारण नाही. ‘तपासणी चालू आहे’ म्हणा. खोटं नाही त्यात काही.”

“आणि तोवर भाजी बाजारात जाऊ द्यायची?”

सर हळू आवाजात म्हणाले, “नाल्याकाठचे बाकीचे सरळ नाल्याचं पाणी देतात, त्यांना कोण विचारतंय? तुमचं पाणी त्यांच्यापेक्षा शंभरपट बरं. तुम्ही आज तोंड उघडलंत तर तुमच्याच टाक्या आधी फुटतील. पंधरा वर्षं घातलीत ह्यात. पुढच्या महिन्यात प्रकल्पाचं पुढचं अनुदान ठरवायला समिती येतेय. ह्या विषयाला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, मॅडम. तुम्हालाही नाही.”

ते खरं होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. तिने नळ्या स्टँडमध्ये परत ठेवल्या.

“मी मळ्यात जाऊन येते, सर.”

“काय सांगणार आहात?”

“माहीत नाही,” ती म्हणाली, आणि तेव्हा तिला खरंच माहीत नव्हतं.

*

मळ्यात पोचली तर रस्त्यावर पीक मोडायला आणलेला पिवळा जेसीबी उभा होता. एका बाजूला कॉलनीतली माणसं, नाकाला रुमाल लावलेली. दुसऱ्या बाजूला नाल्याकाठचे भाजीवाले. मध्ये आरोग्य खात्याचा साहेब, उन्हाने लाल झालेला. ती गाडीवरून उतरते न उतरते तोच भारतने तिला बाजूला घेतलं. भारत कुसाबाईच्या दिराचा मुलगा, शेजारच्याच मळ्यातला. टाकी मागणाऱ्यांत तोच पहिला होता.

“मॅडम, नीट ऐका. साहेब म्हणतोय, कॉलेजनं ‘पाणी चांगलं’ म्हणून सांगितलं तर मशीन माघारी नेतो. तुमी फक्त चांगलं म्हणा. येवढा एकच शब्द.”

“भारत, मी आत्ताच…”

“मला काय निघालं ते सांगूच नका!” त्याने हात वर केला. त्याचे डोळे तांबारले होते. “चाळीस घरं हाय. तुमी वाईट म्हणलात तर उद्यापासून ह्या नाल्याकाठची काडी कोण इकत घेणार नाय. आमी तुमाला बोलवाया आलो नव्हतो. तुमी आला व्हता.”

कॉलनीतली एक बाई पुढे आली. तिच्या हातावर सलाईनच्या पट्टीचा डाग होता. “मॅडम, माझी दोन्ही मुलं ॲडमिट आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही शिकलेल्या आहात. खरं काय ते सांगा.”

सगळे थांबले. जेसीबीच्या ड्रायव्हरनेही इंजीन बंद केलं. भाग्यश्रीने कुसाबाईला शोधलं. ती लांब, वाफ्याच्या मधोमध उभी होती. कुणाच्याच बाजूला नव्हती. सकाळपासून तिने एक जुडीही बांधली नव्हती. उन्हाने कोथिंबिरीने माना टाकल्या होत्या.

ते पाहिल्यावर भाग्यश्रीला बोलणं सोपं गेलं असं नाही, पण न बोलणं अशक्य झालं.

“ह्या टाक्यांतून येणारं पाणी आज स्वच्छ नाही,” ती म्हणाली. मागच्यांना ऐकू जावं म्हणून तिने पुन्हा सांगितलं. “स्वच्छ नाही. साथ ह्याच भाजीने आली की नाही, ते मला माहीत नाही. पण ही कोथिंबीर कच्ची खाऊ नये. पाणी टाकीत थांबायला हवं तेवढं थांबलं नाही. कॉक सैल करायला मी होकार दिला होता.”

“मीच म्हणले व्हते सैल करा म्हणून,” मागून कुसाबाईचा आवाज आला.

मग एकच गलका झाला. कुणी शिवी हासडली. कुणी टाकीवर दगड घातला. पाइप फुटला आणि पाणी कर्दळीतून भळाभळा वाहू लागलं. भारत भाग्यश्रीच्या अंगावर धावून आला. मारलं नाही त्याने. तिच्या पायांजवळ थुंकला आणि निघून गेला. साहेबाने ड्रायव्हरला खूण केली.

जेसीबीचं इंजीन सुरू झालं तशी कुसाबाई वाटेत आडवी आली.

“मशीन नको.”

“बाई, बाजूला व्हा. आदेश आहे,” साहेब म्हणाला.

“नको म्हणत नाय मी. पर माझ्या हातची पेरलेली हाय, माझी मी उपटीन. वावर तुडवू नका.”

ती वाकली आणि ओळीने उपटू लागली. मुळांची माती झटकून पेंढी बांधावर टाकायची, पुन्हा वाकायचं. अगदी बाजाराला न्यायची असल्यासारखी. भाग्यश्री चपला काढून शेजारच्या ओळीत उतरली. कॉलनीची माणसं थोडा वेळ बघत उभी राहिली, मग एकेक करून पांगली. शेवटचा वाफा रिकामा झाला तेव्हा साहेबसुद्धा जेसीबी घेऊन गेला होता.

*

पुढल्या आठवड्यात कॉलनीतली पिण्याच्या पाण्याची जुनी पाइपलाइन गटाराशेजारी फुटलेली सापडली. ती दुरुस्त झाली आणि साथ थांबली. पेपरात चार ओळी आल्या. भाजीचा त्यात उल्लेख नव्हता.

भाग्यश्री ते सांगायला मळ्यात गेली. रिकाम्या वाफ्यांकडे तिला बघवेना.

“म्हणजे तुमच्या कोथिंबिरीने काही झालं नव्हतं, कुसाबाई. मी गप्प बसले असते तर…”

कुसाबाई झेंडूची रोपं लावत होती. फुलं कुणी खात नाही, म्हणून नाल्याकाठी आता सगळे झेंडूच लावत होते.

“पर पाणी घाण व्हतं ना?”

“होतं.”

“मग झालं,” कुसाबाई म्हणाली आणि पुढचं रोप हातात घेतलं.

समिती आली नाही. प्रकल्प बंद झाला. टाक्यांतली खडी कुणीतरी घर बांधायला उचलून नेली. देवरे सरांनी भाग्यश्रीला शेताच्या बांधबंदिस्तीचा विषय शिकवायला दिला, आणि तिने तो मन लावून शिकवला. विभागाच्या नव्या वेबसाइटसाठी प्रत्येकाचा संशोधनाचा विषय मागवला, तेव्हा तिने जुनाच लिहून दिला. लिपिकाने विचारलं, “मॅडम, हे तर बंद झालं ना?” ती म्हणाली, “काम बंद झालंय.”

दिवाळीनंतर एके दिवशी कुसाबाई प्रयोगशाळेच्या दारात आली. कॉलेजात ती पहिल्यांदाच येत होती. चप्पल बाहेर काढून, पदराखालून तिने एक बाटली पुढे केली.

“सुनेच्या माहेरच्या विहिरीचं हाय. लेकरं पितात. ह्ये पिण्याजोगं हाय का ते बघा. तुमी सांगाल ते खरं.”

त्यानंतर एकेक जण येऊ लागला. मखमलाबादहून, पार वणीच्या बाजूनेही. तेलाच्या बाटल्या, सरबताच्या बाटल्या, काही वेळा झाकण लावलेला तांब्या. कुणी तिच्या विषयाचं नाव विचारत नसे. देवरे सर जाताजाता खिडकीत ओळीने ठेवलेल्या बाटल्या पाहत, आणि पुढे जात.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, भारत आला. दारातच उभा राहिला. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. हातात धुतलेली बाटली होती, तीत बोअरचं पाणी.

“लेकीचं पोट सारखं दुखतं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“बाटली उकळून घेतली होती?”

“नाय.”

“मग हिचा उपयोग नाही.” तिने कपाटातून कागदात गुंडाळलेली काचेची बाटली काढली. “ही न्या. झाकण भरतानाच काढायचं, आतून बोट लावायचं नाही. बोअर आधी थोडा वेळ चालू द्यायचा. भरली की उन्हात ठेवायची नाही, लगेच इकडे यायचं.”

“आज आणू?”

“आजच आणा. मी थांबते.”

भारतने बाटली दोन्ही हातांत घेतली आणि छातीशी धरून, पायऱ्या जपून उतरत, तो खाली गेला.