घटस्फोटानंतरची सासू

सासू गेली म्हणून ढसाढसा रडलेली सून पाहिलीय कधी? नसेल तर मला पाहा. त्यातून घटस्फोट झालेली सून!

आम्ही दोघी सासू-सुना हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होतो. तिथल्या मोठ्या चादरी एकटीला आवरत नाहीत. समोरासमोर दोन बायका उभ्या राहतात, दोन टोकं तिची, दोन माझी, एक झटका द्यायचा आणि पुढे यायचं. मला तिथे चिकटवलं तिनेच. सुरुवातीला आम्ही एकमेकींना पाण्यात पाहायचो. पण दिवसभर एकच चादर धरून समोर उभं राहिलं की तोंड तरी किती फिरवणार? तिचा मुलगा मला सोडून गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही जोडी फुटणार. कसलं काय! "पोरगा माझा, अक्कल त्याची," एवढंच म्हणाली आणि टोकं उचलली.

निवृत्त झाल्यावर दर रविवारी माझ्या खोलीवर यायची. "तुझी चादर घडी करायला आले," म्हणायची आणि संध्याकाळपर्यंत माझ्या चुका काढत बसायची. मला दुसरं येणारं-जाणारं कोणी नाही. तिलाही नव्हतं.

परवा सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. झोपेतच गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी अंत्यसंस्कार. मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब नवे, वयाने माझ्याहून लहान.

"कोण गेलं?"

"सासू."

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "पण तुमचा तर घटस्फोट झालाय."

"नवऱ्याशी झालाय. तिच्याशी कुठे झालाय?"

त्यांना हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "हे बघा बाई, जवळचं माणूस गेलं तर भरपगारी रजा हा तुमचा हक्कच आहे. पण नियमाला नातं लागतं. बिनपगारी सोडावं, तर माणसं कमी आहेत."

"आणि नातं कोणतं ते हा डबा सांगणार होय?" माझा आवाज चढलाच. मी काय चैनीला निघाले होते?

केबिनच्या दारातच चादरीची माझी आताची जोडीदारीण उभी होती. तिला आम्ही बडबडी म्हणतो. ती कानात कुजबुजली, "अगं, आई गेली म्हणून सांग ना!"

"आईची रजा केव्हाच घेऊन झाली. एका आईला दोनदा मारू?"

शेवटी साहेबच म्हणाले, "त्यांच्या मुलाने लिहून पाठवलं की तुम्ही घरातल्या आहात, तर मी वर बोलतो."

त्यांचा मुलगा. कपाळ माझं! नाक मुठीत धरून फोन लावला. कित्येक वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. तो परगावी, शेजारणीने त्याला आधीच कळवलं होतं.

"तू निघालास ना?"

"नाही जमणार गं. रजा मिळत नाही."

"मागितलीस?"

"इथे माणसं कमी आहेत गं."

"मागितलीस का, ते सांग."

"तू आहेस ना तिथे," तो म्हणाला.

असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावा. सख्ख्या आईसाठी याला तोंड उघडवेना, आणि मी इथे हक्क नसलेल्या रजेसाठी भांडतेय. पण मला जायचं होतं. दात आवळून म्हटलं, "मग एवढं तरी लिही."

मेसेज आला. 'ही आमच्या घरातली आहे.' संसार केला तेवढी वर्षं हे वाक्य त्याच्या तोंडून एकदा तरी यावं म्हणून मी आसुसले होते. साहेबांनी ते वाचलं, वर फोन केला आणि म्हणाले, "या जाऊन."

अंत्यसंस्काराला शेजारीण आणि मी, बस. तिथल्या माणसाने विचारलं, "घरचं कोण?" शेजारणीने माझ्याकडे पाहिलं.

"मी," म्हटलं. मग जे रडू फुटलं ते आवरेना.

रजा रविवारपर्यंत होती. सवयीने सकाळी चादर धुतली, दोरीवर टाकली. दुपारी वाळली. संध्याकाळ झाली तरी मी खुर्चीतून उठले नाही. एकट्या बाईची चादर ती, एवढीशी. एका हाताने घडी होईल. हे मला पहिल्या रविवारपासून ठाऊक होतं, आणि तिला तर होतंच होतं.