महाराजांची बंद मूठ आणि झुलीखालचा नंदी

पोळ्याच्या आदल्या दिवशी टेंभीपाड्याच्या चावडीपुढे अख्खं गाव लोटलं होतं. गावाबरोबर गावाची गुरंही होती, त्यामुळे उभं राहायला जागा आणि पाय ठेवायला कोरडी जमीन, दोन्हीची मारामार होती. सगळ्यांच्या नजरा मात्र एकाच बैलावर खिळल्या होत्या. पांढराशुभ्र, शिंगांना पितळी शेंब्या, कानांवर चांदीची फुलं, आणि पाठीवरून थेट गुडघ्यांपर्यंत लोंबणारी जांभळी मखमली झूल. त्याच्या शेजारी भगव्या कफनीत वृषभानंद महाराज उभे होते.

महाराजांनी उजव्या हाताची मूठ आवळली, ती चुडामण आबांच्या खिल्लाऱ्याच्या पायाशी नेली आणि डोळे मिटले. "बोल नंदीराज, इसको लम्पी छुएगी?"

नंदीनं मान खाली घातली, थेट खिल्लाऱ्याच्या खुरापर्यंत.

"वंदन हो गया. ये जानवर निर्दोष."

बायकांनी पदर तोंडाला लावले, म्हाताऱ्यांनी हात जोडले, आणि आबांचे डोळे भरून आले. याआधी एका गाईच्या वेळी महाराजांनी मूठ वर नेली होती, तेव्हा नंदीनं मानही वर केली होती. त्याचा अर्थ घरात दोष आहे असा निघाला आणि दोष उतरवायला धान्याचं पोतं आणि साजूक तूप लागलं. महाराज ती मूठ कधी उघडत नसत. तिच्यात कैलासाची ऊर्जा कोंडलेली होती, उघडली तर अमळनेरपर्यंत सगळं भस्म होईल, असं ते स्वतःच सांगत. अमळनेरची काळजी म्हणून कोणी आग्रह धरला नव्हता.

चावडीच्या दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाखाली, गुरांच्या डॉक्टर सारिका मॅडम लसीचा थंड डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे एक कुत्रं तेवढं आलं होतं आणि तेही सावलीसाठी. गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पीची साथ जिल्ह्यात आली होती, गुरांचे बाजार बंद होते. जनावरं एका जागी आणू नका आणि परराज्यातलं जनावर आरोग्य दाखल्याशिवाय गावात घेऊ नका, असं सकाळीच ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं होतं. दुपारी त्याच भोंग्यावरून, त्याच आवाजात, महाराजांचं आगमन जाहीर झालं. भोंग्याला काय, त्यानं दोन्ही गोष्टी सारख्याच भक्तिभावानं सांगितल्या.

प्रेमराज रांगेत उभा होता आणि मनातून चडफडत होता. अमळनेरच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. वर्गात गुरुत्वाकर्षणापासून ग्रहणापर्यंत सगळं समजावून सांगायचा, पण घरी झुंबरबाईपुढे, म्हणजे आईपुढे, त्याचं विज्ञान उंबऱ्याबाहेर चपलांपाशीच राहायचं. त्याच्या हातात हरणीचं दावं होतं. हरणी जन्मली तेव्हा तिची माय गेली होती. झुंबरबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून, स्वतःच्या खाटेशेजारी बांधून वाढवलं होतं. आता ती गाभण होती आणि तिला लस टोचून घ्यायला झुंबरबाई ठाम नकार देत होत्या.

"गाभन गायले सुई टोचस का कोनी? महाराज सांगतीन तसं करसूत," एवढंच त्यांचं म्हणणं.

गाभण गाईलाही डॉक्टरांना विचारून लस देता येते, हे सारिका मॅडमनी दोनदा घरी येऊन सांगितलं होतं. झुंबरबाईंनी दोन्ही वेळा चहा पाजला आणि विषय बदलला.

रांग पुढे सरकली, हरणीचा नंबर आला, आणि इथंच गंमत झाली. महाराजांनी मूठ खाली नेली, प्रश्न विचारला, पण नंदीराज वाकेनात. त्यांनी मान वळवली ती प्रेमराजकडे. दावं ताणून ते प्रेमराजचा उजवा हात हुंगू लागले, मग बोटं चाटू लागले. महाराजांनी कासरा ओढला, तोंडानं काहीतरी पुटपुटले, आणि नंदीचं लक्ष जरा यजमानाच्या पुण्याईकडे गेल्याचं सांगितलं. झुंबरबाईंना लेकाचा फार अभिमान वाटला.

प्रेमराजला मात्र पुण्याई म्हणजे काय ते नेमकं कळलं. सकाळी त्यानं याच हातानं हरणीला सरकीची भिजवलेली ढेप, म्हणजे पेंड, कालवून घातली होती. तेलाच्या गिरण्यांच्या या भागात प्रत्येकाच्या हाताला, कपड्याला, उशीलासुद्धा ढेपेचा वास असतो. त्यामुळे महाराजांच्या मुठीतून येणारा वास कुणाच्या नाकाला वेगळा वाटलाच नव्हता. बैलाच्या नाकाला मात्र तो बरोबर कळत होता.

प्रेमराजला युक्ती सुचली. त्यानं दावं आईच्या हातात दिलं, हरणीला घेऊन जरा लांब उभी राहा म्हणाला आणि धावत घरी गेला. परतला तेव्हा त्याच्या रुमालात ढेपेचा चांगला गोळा होता. महाराजांच्या सरबराईत गढलेल्या गावातल्याच दीपकची नवी मोटारसायकल नंदीच्या मागेच उभी होती. प्रेमराजनं रुमाल हळूच तिच्या पुढच्या चाकाशी अडकवला आणि हात जोडून पुढे आला.

"महाराज, दीपकभाऊच्या गाडीलाही एकदा विचारा. तीही फार धूर ओकते."

हशा पिकला. महाराज हसले नाहीत, पण त्यांना बोलायला सवडही मिळाली नाही. वारा फिरला होता. नंदीनं नाक फुलवलं, पाठ फिरवली आणि मोटारसायकलच्या चाकापाशी अशी काही मान खाली घातली की तशी ती आबांच्या खिल्लाऱ्यापुढेही घातली नव्हती.

"गाडीले लम्पी व्हनार नही," मागून कोणीतरी जाहीर केलं आणि पोरंबाळं, म्हातारीकोतारी, सगळी पोट धरून हसू लागली.

महाराजांनी संतापून कासरा ओढला. प्रेमराजनं रुमाल सोडवला आणि तो चावडीला वळसा घालून चालू लागला. नंदी त्याच्या मागे, नंदीच्या मागे कासऱ्याला लोंबकळत महाराज, आणि त्यांच्यामागे गाव, अशी पोळ्याची मिरवणूक एक दिवस आधीच निघाली. वळसा पूर्ण होताना झुलीची झालर त्याच मोटारसायकलच्या हँडलात अडकली, नंदीनं जोर लावला, आणि मखमल सरसर घसरून चिखलात पडली.

हसणं तिथंच थांबलं. पूजेच्या बैलाची झूल मालकाशिवाय कोणी उचलत नाही, हा तिथला रिवाज. म्हणून आजवर कोणी आत पाहिलं नव्हतं. बैलाच्या खांद्यापासून शेपटीपर्यंत सुपारीएवढ्या गाठी होत्या. काही फुटल्या होत्या आणि त्यांवर माश्यांचे थवे बसले होते.

"सगळे मागे व्हा. जनावरं घरी न्या, आत्ताच्या आत्ता," सारिका मॅडम धावत आल्या. त्यांनी बैलाच्या कानावरचं चांदीचं फूल बाजूला केलं. खाली पिवळा बिल्ला होता. त्यावरचा नंबर त्यांनी मोबाइलवर तपासला. "हा शेजारच्या राज्यातला बैल आहे. आरोग्य दाखला कुठंय?"

"मॅडम, महादेव के वाहन को दाखला लगता है क्या?"

"महादेवाच्या वाहनाचं मला माहीत नाही. सीमा ओलांडणाऱ्या बैलाला लागतो."

आबांनी महाराजांवर काठी उगारली. प्रेमराजनं ती वरच्यावर धरली आणि महाराजांना एवढंच म्हणाला, की मूठ उघडा, अमळनेरचं आम्ही बघतो. मूठ उघडली. कैलासाची ऊर्जा हुबेहूब सरकीच्या ढेपेसारखी दिसत होती. अमळनेर शाबूत राहिलं. नाक्यावर विचारपूस होते म्हणून बैलाला आडवाटेनं, शेतांतून आणल्याचं महाराजांनी पोलीस येण्याआधीच स्वच्छ मराठीत कबूल केलं.

प्रेमराज चावडीच्या ओट्यावर चढला. "ही माशी या बैलावर बसते आणि उडून आपल्या गाईवर बसते, आजार असा पसरतो," तो म्हणाला. "म्हणूनच गुरं एकत्र आणू नका म्हणून सांगत होते. आणि आपण रांग लावून आणली. कोणी चमत्कार दाखवला तर नमस्कार जरूर करा, पण त्याआधी मूठ उघडायला सांगा आणि झूल वर करून बघा. यात देवाचा अपमान नाही. जो उघडू देत नाही, त्याच्याकडे लपवायला काहीतरी असतं."

झुंबरबाई लांबूनच हरणीला घेऊन कडुनिंबाखाली गेल्या आणि स्वतः तिची मान धरून उभ्या राहिल्या. मॅडमनी हात धुऊन, हरणीला तपासून सुई टोचली, तेव्हा डोळे मिटले ते झुंबरबाईंनी. लसीचा जोर चढायला वेळ लागतो, तोवर हिला घरीच मच्छरदाणीच्या जाळीत बांधा, कडुनिंबाचा धूर करा, असं मॅडमनी बजावलं. जो कोणी आजारी बैलाला हात लावील, त्यानं हरणीकडे फिरकायचं नाही, असंही.

प्रेमराज साबणानं हात धुऊन आला, तसं झुंबरबाईंनी दावं त्याच्या हातात दिलं.

"आते हरणीनं तू देख. मी त्या बैलनाकडे ऱ्हासू," त्या म्हणाल्या. "दुपारपासून देव म्हनीसन मी त्याले हात जोडात. आजारी शे म्हनीसन कोनीबी हात नही लावा."

बैलाला गावाबाहेरच्या रिकाम्या खळ्यात नेलं होतं. झुंबरबाई मॅडमनी दिलेलं औषध जखमांना लावू लागल्या, तसा बैल थरथरला, आणि दमून त्यानं मान खाली टाकली, अगदी जमिनीपर्यंत. लांब बांधापाशी उभ्या असलेल्या दीपकचे हात सवयीनं जोडले गेले.

झुंबरबाईंनी वळून पाहिलं.

"दीपक, हात कसाले जोडी ऱ्हायना? तान लागनी त्याले. पानीनी बादली लई ये."