गोड कठडा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे आणि मी संतापलेलो आहे. जुन्या वस्तूंनी चार गोड शब्द बोलून निरोप घ्यायचा असतो म्हणे. आज ते माझ्याच्याने होणार नाही.

सुताराने मला साध्या लाकडातून घडवले आणि मी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याच्या घरी आलो. कोरी फळी दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. घरात बाळ येणार म्हटल्यावर त्याने पाटीचा उरलेला पिवळाधमक रंग माझ्यावर चढवला. "उन्हापावसात उडत नाही हा रंग," तो बायकोला म्हणाला. "माझ्या बाळाला हलकंसलकं काही नको." येणारेजाणारे कौतुक करीत आणि मी फुशारून जाई.

लेक झाली. दात येऊ लागले तशी ती माझा कठडा चघळू लागली. त्या रंगात शिसे होते, आणि असला रंग जिभेला गोड लागतो. पोपडे तिच्या पोटात गेले. बाप हसून म्हणे, "रंगाऱ्याची पोर शोभते!" आणि दातांच्या खुणांवर रंगाचा नवा हात मारी. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? पण तो रंग बनवणाऱ्यांना ठाऊक होते. डब्यावर त्यांनी झोकदार इंद्रधनुष्य छापले. आत विष आहे, एवढे छापायला मात्र त्यांना जागा सापडली नाही.

पुढे मी माळ्यावर गेलो. माळ्यावरून खालचे सगळे ऐकू येते. लेक शाळेत मागे पडू लागली, तिचे लक्ष कशावर टिकेना. शेजारपाजारचे म्हणत, "मंदच आहे." आजी म्हणे, "खाण तशी माती. आपल्या घराण्यात कोण हुशार निघालंय?" माझा जीव जळे. अहो, खाणीला नावे ठेवण्याआधी मातीत कोणी काय कालवले ते तरी बघा!

तीच लेक मोठी झाली, तिला दिवस गेले आणि ती आईबाबांकडे राहायला आली. एवढ्या कोवळ्या वयात तिचे ब्लडप्रेशर वाढले होते. "तुझ्या आजीलाही होतं, रक्तातच आहे आपल्या," म्हणत आई तिला दवाखान्यात घेऊन गेली. इकडे बाबांनी मला खाली उतरवले आणि नातवंडासाठी पुन्हा रंगवायचे म्हणून पॉलिश पेपरने खसाखसा घासायला घेतले. पिवळी धूळ उडाली आणि लेकीच्याच अंथरुणावर बसू लागली. मला ओरडता येत असते तर मी घर डोक्यावर घेतले असते.

तेवढ्यात ती दारात आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. "बाबा, थांबा! घासू नका!"

"का गं? छान पिवळा करतो की परत."

"डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. घरात काय काम चालायचं, मी लहानपणी काय चघळायचे, सगळं. बाबा, आईबापाकडून आपल्याला मिळतं ते पाटीवरच्या अक्षरांसारखं असतं. अक्षरं बदलत नाहीत. पण पोटात असताना किंवा लहानपणी शिसं, धूर, उपासमार असं काही वाट्याला आलं, तर काही अक्षरांवर रंग फासला जातो, काही नको तिथे उघडी पडतात. मग शरीर पुढे कित्येक वर्षं ती पाटी चुकीचीच वाचत राहतं."

"म्हणजे तुझं हे दुखणं माझ्यामुळे?"

"यानेच झालं असं त्या ठामपणे सांगत नाहीत, पण झालं असू शकतं म्हणाल्या. ही धूळ बाळापर्यंत पोचता कामा नये, हे मात्र ठणकावून सांगितलं."

बाबांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. "मी तर मायेनेच रंगवला होता गं."

"माहीत आहे, बाबा."

लेक मावशीकडे गेली. बाबांनी ओल्या फडक्यांनी कानाकोपरा पुसला आणि मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून अंगणात ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे बाकीचे सांगतील. मी सांगतो, मला जपू नका! माझ्यात कोणाचेही मूल निजवू नका. आणि एखादे पोर मागे पडले, आजारी पडले, तर त्याच्या रक्ताला बोल लावण्याआधी त्याच्या तोंडात आणि श्वासात आपण काय घातले ते विचारा.

काल अंगणातूनच मी पाहिले, घरात नवा पाळणा आला, साध्या लाकडाचा. बाबा कितीतरी वेळ त्याच्यापुढे बसून होते. हात सवयीने ब्रशकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि पाळणा कोराच ठेवला.