दुसरा कौल

मसुऱ्याच्या खाडीकाठची सुभद्रा धीराची बाई म्हणून गावाला ठाऊक होती. नवरा मुंबईला गिरणीत. इथली शेती, गुरं आणि मुलीचं लग्न तिने एकटीने निभावलं होतं. गोठ्यात शिरलेलं विषारी फुरसं काठीने उचलून तिने कुंपणापलीकडे टाकलं, तेव्हा बघणारे पुरुष मागे सरकले होते. अशी बाई होडीत बसायला भिते, असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. म्हणूनच तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याची सुरुवात गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या साली झाली. तिची मुलगी सुगंधा पलीकडच्या तीरावर दिली होती. तिला भेटून सुभद्रा तरीने परतत होती. ऊन चढलेलं, होडीत माणसं दाटीने बसलेली. खाडीच्या मध्यावर तिची छाती एकदम धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. ‘आता काळीज थांबणार’ असं मनात आलं आणि धडधड दुप्पट झाली. होडी वल्हवणाऱ्या शंकर तारीने घाईघाईने ती काठाला घातली. पाय जमिनीला लागताच थोड्या वेळात सगळं ओसरलं. सुभद्रेच्या मनाने त्यातून एकच अर्थ काढला: उतरले, म्हणून वाचले.

त्यानंतर ती तरीकडे फिरकली नाही. मुलीने बोलावणं धाडलं की आज गाय व्यायची आहे, उद्या भात वाळवायचं आहे, असं काहीतरी निघे. बहाणे संपले की ती देवळात जाऊन कौल लावी. बाबली गुरव ओल्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवी. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. घरी येऊन सुभद्रा सांगे, देव नको म्हणतो. देवापुढे कोण काय बोलणार?

सुगंधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. आता पाठवणीची वेळ आली. आजीने नातीला स्वतः घेऊन जायचं आणि सासरच्या उंबऱ्यावर विहिणीच्या ओटीत घालायचं, ही त्यांच्याकडची रीत. विहीण राधाबाई मनाने चांगली, पण जिभेने तिखट. तिने निरोप धाडला की आजीबाईंना नात सोडवत नसेल तर तसं कळवा, आम्ही पाळणा मोडून चुलीत घालतो.

निरोप ऐकून सुगंधा रात्री रडली. सकाळी सुभद्रा देवळात गेली. बाबलीने पाकळ्या लावल्या. उजवी पडली. तिने परत लावायला सांगितलं. पुन्हा उजवी पडली. देवाने नीट ऐकलं का, म्हणून तिने आणखी एकदा लावायला सांगितलं. या वेळी डावी पडली. सुभद्रेने हात जोडले आणि पदर सावरून निघाली.

बाबलीने तिला हाक मारली. तो वयाने तिच्याएवढाच, नात्याने दीर लागे.

“वयनी, रागावू नको. उजवो पडलो तेव्हा तू म्हटलंस परत लाव. डावो पडलो तेव्हा घराक चललंस. ह्यो कौल देवाचो की तुझो?”

सुभद्रेच्या डोळ्यांपुढे मागचे सगळे कौल उभे राहिले. दरवेळी असंच झालं होतं. डावा पडेपर्यंत ती विचारत राहिली होती, आणि घरी पोहोचेपर्यंत आधी पडलेले उजवे विसरली होती. ती देवळाच्या पायरीवर बसली आणि बाबलीला सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याने फक्त सांगितलं की बाजाराच्या दिवशी डॉक्टर परुळेकर येतात, त्यांच्याकडे जा. घाबऱ्या माणसांशी ते वेगळ्याच रीतीने बोलतात म्हणे.

परुळेकर डॉक्टर मुंबईत नोकरी करून उतारवयात गावाकडे आले होते. बाजारालगतच्या एका घराच्या पडवीत ते रोगी तपासत. त्यांनी सुभद्रेची छाती बराच वेळ ऐकली, बोटं आणि डोळे पाहिले, आणि काळीज दणकट असल्याचं सांगितलं. सुभद्रेला आनंद व्हायला हवा होता, पण तिला वाईट वाटलं. काळीज बरं, मग दुखणं खोटं? ती नखरे करत होती की काय?

डॉक्टरांनी तिच्या मनातलं ओळखलं असावं. दुखणं खरं आहे, म्हणाले, फक्त ते काळजाचं नाही. मग त्यांनी पडवीच्या कोपऱ्यातल्या उखळाकडे बोट दाखवलं आणि घरमालकिणीला थोडं भात मागितलं. सुभद्रेला त्यांनी मुसळ हातात घेऊन जोरात कांडायला सांगितलं. डॉक्टरांचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं तिला वाटलं. पण कांडण हे तिचं रोजचं काम. तिने पदर खोचला आणि कांडू लागली. घामाघूम झाली, छाती धडधडू लागली, श्वास चढला, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

“आता छातीर हात ठेव. काय होता?”

“धडधडता.”

“मग आता काळीज थांबतला?”

“थांबतला कित्याक? भात कांडतंय मां, धडधडतलाच.”

“होडीत अशीच धडधडली. तेव्हा तू काय म्हटलंस?”

सुभद्रा मुसळाला धरून तशीच उभी राहिली. धडधड तीच होती. इथे तिने त्या धडधडीला कांडण म्हटलं होतं, तिथे मरण.

डॉक्टरांनी मग तिला सगळं सावकाश समजावलं. त्या दिवशी होडीत ऊन होतं, दाटी होती, कदाचित ती उपाशीही असेल, म्हणून छाती थोडी धडधडली. मनाने तिला मरणाचं नाव दिलं. नाव ऐकून अंग घाबरलं आणि छाती आणखी उडू लागली. ते पाहून मन म्हणालं, बघ, खरंच की. असा तो घाण्याचा बैल गोल गोल फिरत राहिला. काठाला उतरल्यावर तो थांबला, पण न उतरता काय झालं असतं हे तिने कधी पाहिलंच नाही. त्यानंतर होडी टाळत गेली, त्यामुळे पुढेही कधी पाहायला मिळालं नाही. मनाने सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे बघायचंच राहून गेलं.

“म्हणजे माझा मन खोटां बोलता?”

“खोटां नाय. घाईत बोलता. आपण त्येका पुरावो मागूचो.”

असं आणखी कुणाला होतं का, असं तिने हळूच विचारलं. डॉक्टर म्हणाले, खूप जणांना. मुंबईत त्यांनी एक कारकून पाहिला होता. कडी नीट लागली का हे बघायला तो वाटेवरून घरी परत परत जाई. हात धुऊन धुऊन सालपटं काढणारी एक बाई होती. चारचौघांत तोंड उघडलं की लोक हसतील म्हणून गप्प बसणारा वकील होता. काळजीने झोप उडालेले, आपण कशालाच लायक नाही असं मानून अंथरूण धरलेले, असेही होते. विलायतेत आणि अमेरिकेत काही डॉक्टर हल्ली अशा माणसांना आपले विचार तपासायला आणि भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवू लागले होते, आणि परुळेकर त्यांचं लिखाण मागवून वाचत. प्रत्येकालाच याने गुण येत नाही, काहींना औषधही लागतं, असंही त्यांनी सांगून टाकलं. आणि यात डॉक्टरने काही करून भागत नाही. रोजचा सराव रोग्यानेच करायचा असतो.

सराव दुसऱ्या दिवशीच सुरू झाला. धक्क्याला बांधलेल्या होडीत नुसतं बसायचं. शंकर तारी बाजूला जाळं विणत होता. त्याला फार काही सांगावं लागलं नाही. त्या दिवशी होडी त्यानेच काठाला घातली होती. सुभद्रेने कमरेला एक लिंबू खोचलं होतं. जीव घाबरला की हुंगायला ते ती गेलं वर्षभर जवळ बाळगत होती. डॉक्टरांनी एकच नियम घालून दिला होता: भीती चढली म्हणून उतरायचं नाही, ती आपोआप खाली आली की उतरायचं.

होडी जराशी हलली आणि छाती उडाली. सुभद्रेने फळी घट्ट धरली.

“काकी, बांधलेली होडी बुडाल्याचा मी अजून आयकाक नाय,” शंकर जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला.

ती उतरली नाही. धडधड वाढली, वाढली, आणि मग भरतीचं पाणी टोकाला पोहोचून थबकावं तशी थबकली. त्यानंतर हळूहळू उतरू लागली. सुभद्रा चकित झाली. हे असं आपोआप उतरतं? न पळता?

मग शंकर होडी सोडून काठाकाठाने तिवरांच्या झाडीपर्यंत नेऊ लागला. ती भीती अंगवळणी पडल्यावर तिवरांच्या पुढे, उथळ वाळूपर्यंत. एक दिवस मात्र फिसकटला. वाळूच्या पलीकडे पाणी गडद दिसलं आणि सुभद्रेने ओरडून होडी मागे फिरवायला लावली. घरी आल्यावर ती सुगंधेशी बोलली नाही. आपल्याने हे होणार नाही, सगळं फुकट गेलं, असंच मनात घोळत राहिलं.

बाजाराच्या दिवशी डॉक्टर तिला रागे भरले नाहीत. ओरडण्याच्या आधी मनात काय आलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. ती विचारात पडली. पाणी काळं दिसलं तेव्हा ‘इथेच झालं होतं’ असं मनात आलं होतं, आणि मग छाती उडाली होती. आधी विचार, मग धडधड. आजवर तिला उलटंच वाटत होतं. आणि सगळं फुकट गेलं म्हणतेस, डॉक्टर म्हणाले, तर तिवरांपर्यंत कोण गेलं होतं? हाही उजवा कौल विसरून डावा मोजण्याचाच प्रकार. सुभद्रेला हसू आलं. बाबलीने यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं.

पाठवणीच्या दिवशी पहाटे ती देवळात गेली. बाबलीने पाकळ्या लावल्या. उजवी पडली. सुभद्रेच्या ओठांवर “परत” आलं होतं. बाबली तिच्याकडे बघत राहिला. तिने नमस्कार केला आणि बाहेर पडली.

धक्क्यावर सुगंधा आधी होडीत बसली. सुभद्रा नातीला दुपट्यात घेऊन बसली. तिवरं मागे पडली, वाळू मागे पडली, काळं पाणी आलं. छाती धडधडू लागली. हात सवयीने कमरेच्या लिंबाकडे निघाला, पण दोन्ही हातांत नात होती. आता? सुभद्रेने डोळे मिटले नाहीत. ‘भात कांडतंय,’ ती मनाशी म्हणाली. ‘कांडून होवंदे.’ नात झोपेतच ओठ हलवत होती. धडधड चढली, थबकली, उतरली. शंकरने तिच्याकडे पाहिलं आणि वल्ह्याचा वेग तसाच ठेवला.

उंबऱ्यावर राधाबाई ओटी पसरून उभी होती.

“गावलो एकदाचो मुहूर्त, विहीणबाई? की देवान हाकलून घातल्यान?”

“देव कधीचोच हो म्हणत होतो,” सुभद्रा म्हणाली. “माकाच आयकाक येत नाय होता.” आणि तिने नात तिच्या ओटीत घातली. राधाबाईने बाळाचं तोंड पाहिलं आणि तिचा सगळा तिखटपणा तिथेच संपला.

परत निघताना मात्र सुभद्रेचे हात रिकामे होते. धरायला नात नव्हती, सोबतीला लेक नव्हती. होडीत बाजारहाटाची माणसं दाटीने बसलेली, ऊन चढलेलं. अगदी त्या दिवसासारखंच. काळ्या पाण्यावर छातीने एकदा उसळी घेतली. लिंबू कमरेला होतं. तिने हात मांडीवरच ठेवले आणि शेजारच्या बाईला विचारलं की तिच्या टोपलीतले बांगडे काय भावाने दिले. काठ आला तेव्हा त्या दोघींचा भाव अजून ठरायचाच होता.

पुढच्या बाजाराला ती डॉक्टरांकडे गेली. नाडी बघताना त्यांनी तिच्या कमरेकडे पाहिलं.

“लिंबू खंय?”

“बांगड्यार पिळलंय,” सुभद्रा म्हणाली.